परदेशी संसार मांडताना घरभाडे आणि गाडी एकत्रच मोजा

नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या घरांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वारंवार दिसतो. तिकडे गेल्यावर गाडी घ्यावी का, कधी घ्यावी आणि तिचा खर्च पगारातून निघेल का, हा तो प्रश्न. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या अशा काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. देश बदलला की आकडे बदलतात. परंतु घर कुठे घेतले यावरच गाडी लागते की नाही हे ठरते, त्यामुळे भाडे आणि गाडी हे दोन वेगळे खर्च न धरता एकाच कागदावर मांडावेत, असा आमचा ठाम आग्रह आहे.

माझा मुलगा पुण्यात संगणक अभियंता आहे. त्याला सिंगापूरमध्ये महिना ६,५०० सिंगापूर डॉलर पगाराची नोकरी मिळाली असून आपल्या रुपयांत ते सव्वाचार लाखांच्या आसपास होतात. मुलगा आणि सून दोघेही जाणार आहेत. २०२१ मध्ये घेतलेली त्याची गाडी उत्तम स्थितीत आहे आणि तिकडेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात असे कळले. हीच गाडी जहाजाने न्यावी की तिकडे नवी घ्यावी? एवढ्या पगारात वर्षभरात गाडी व्हायला हरकत नसावी, असे आम्हाला वाटते. (एक वाचक, अमळनेर)

काका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तीन वर्षांहून जुनी गाडी सिंगापूरमध्ये नेऊन तिथे नोंदवता येत नाही, म्हणून २०२१ ची गाडी नेण्याचा विचार सोडून द्यावा. तीन वर्षांच्या आतली गाडी असती तरी आयात केलेल्या जुन्या गाडीवरचा १०,००० डॉलरचा अधिभार आणि बाकीचे सगळे कर भरावेच लागले असते.

नव्या गाडीचा हिशेब मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण सिंगापूरमध्ये गाडीची किंमत ठरते ती आपल्याकडच्याहून अगदी निराळ्या रीतीने. त्या छोट्या बेटावर रस्ते वाढवायला जागा नाही, म्हणून तेथील सरकारने १९९० पासून गाड्यांची संख्याच बांधून टाकली आहे. गाडी घ्यायची तर आधी लिलावात बोली लावून सीओई नावाचे हक्कपत्र मिळवावे लागते. हा लिलाव महिन्यातून दोनदा होतो आणि मिळालेल्या हक्कपत्राची मुदत दहा वर्षांची असते. म्हणजे गाडी आपल्या मालकीची, पण ती रस्त्यावर ठेवण्याचा हक्क दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला. या हक्कपत्राची बोली ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या गटात १,०६,००० डॉलरवर आणि मोठ्या गाड्यांच्या गटात १,५०,००१ डॉलरवर गेली होती. बोली खालीवर होत राहते, तरीही हिशेबासाठी लहान गाडीला एक लाख डॉलर धरू.

आता कागदावर मांडून पाहा. बंदरावर उतरलेल्या गाडीची मूळ किंमत २५,००० डॉलर असेल, तर त्यावर २० टक्के अबकारी कर म्हणजे ५,००० डॉलर. या दोहोंच्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी म्हणजे २,७०० डॉलर. त्यानंतर येते ती एआरएफ ही जादा नोंदणी फी. मूळ किमतीच्या पहिल्या २०,००० डॉलरवर ती १०० टक्के आणि पुढच्या २०,००० डॉलरच्या टप्प्यावर १४० टक्के आकारली जाते, त्यामुळे आपल्या उदाहरणात ती २७,००० डॉलर भरते. साधी नोंदणी फी ३५० डॉलर आणि हक्कपत्राचे एक लाख मिळवले, की बेरीज १,६०,०५० डॉलर होते. विक्रेत्याचा नफा अजून वेगळाच. डॉलरला ६५ रुपये धरले तर हे एक कोटी चार लाख रुपये झाले, आणि गाडी कुठली, तर आपल्याकडे जळगावच्या कोणत्याही शोरूममध्ये सहज दिसणारी मध्यम आकाराची.

कर्ज काढू म्हणावे, तर तेथील मध्यवर्ती बँकेचा नियम आडवा येतो. मूळ किंमत २०,००० डॉलरहून जास्त असलेल्या गाडीला एकूण किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते आणि ते सात वर्षांत फेडावे लागते. आपल्या उदाहरणात सुमारे ६४,००० डॉलर, म्हणजे साडेएकेचाळीस लाख रुपये, आधी रोख हातात हवेत. हा पैसा उभा करण्यासाठी येथील शेत किंवा प्लॉट विकण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर तो कृपया येऊ देऊ नये.

मुलाच्या पगाराचा हिशेबही याच कागदावर करू. दोघांसाठी संपूर्ण फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीतील लहान फ्लॅटलाही अडीच ते तीन हजार डॉलर सहज लागतात. तिथे ज्याला थ्री-रूम म्हणतात, त्यात दोन झोपण्याच्या खोल्या आणि एक दिवाणखाना असतो, हे जाहिराती वाचताना लक्षात ठेवावे. भाडे २,८०० डॉलर, वीज-पाणी-इंटरनेट २५०, किराणा आणि बाहेरचे खाणे ९००, दोघांचा मेट्रो-बसचा प्रवास २५० असे धरले, तर ४,२०० डॉलर होतात. आयकर तिथे दरमहा पगारातून कापून घेतला जात नाही, त्याचे बिल पुढच्या वर्षी येते. या पगारावर, तिथला रहिवासी ठरल्यास, तो वर्षाला सुमारे ३,२०० डॉलर होतो, म्हणून महिन्याला २७० डॉलर पहिल्या पगारापासून बाजूला टाकावेत. अनेक नवे लोक इथेच फसतात. हातात आलेला पैसा आपलाच समजून घरी पाठवून देतात आणि बिल आल्यावर धावपळ करतात. हे सगळे वजा जाता महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास उरतात.

गाडी घेतली तर सात वर्षांचा हप्ता व्याजासह तेराशे-चौदाशे डॉलरपर्यंत जाईल. घराजवळचे आणि कार्यालयाजवळचे पार्किंग, विमा, पेट्रोल आणि १९९८ पासून लागू असलेला गर्दीच्या रस्त्यांचा इलेक्ट्रॉनिक टोल हे सगळे त्यात मिळवले, की उरलेले दोन हजार डॉलर संपले. म्हणजे मुलगा परदेशी जाऊन केवळ गाडी पोसेल, आणि तेही अशा शहरात, जिथे मेट्रो आणि बस वेळेवर येतात, स्वच्छ असतात आणि लांबच्या फेरीलाही अडीच डॉलरच्या आसपास घेतात. सिंगापूरचे बहुसंख्य लोक असाच प्रवास करतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. एखाद्या रविवारी गाडी हवीच असेल, तर ती तासांच्या भाड्याने मिळते. आपला भारतीय परवाना तिथे पहिले १२ महिने चालतो, त्यानंतर नियमांची लेखी परीक्षा देऊन तो बदलून घ्यावा लागतो.

काका, गाडीपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट विचारून घ्या. सूनबाईंना सोबत नेण्यासाठी लागणारा आश्रितांचा पास मिळण्यास मुलाचा ठरलेला मासिक पगार किमान ६,००० डॉलर असावा लागतो. ही अट पूर्ण होते, पण त्या पासावर त्यांना नोकरी करता येत नाही, त्यासाठी वेगळा कामाचा परवाना लागतो. दोन पगार गृहीत धरून कोणताही बेत आखला असेल, तर तो आजच दुरुस्त करावा.

मी परिचारिका आहे. जर्मन भाषेची आवश्यक परीक्षा उत्तीर्ण झाले असून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील एका लहान गावच्या रुग्णालयात माझी निवड झाली आहे. सुरुवातीचा पगार महिना २,९०० युरो आहे. ड्युटी पहाटे लागते आणि त्या वेळी बस नसते, असे तिथे आधी गेलेल्या मैत्रिणीने सांगितले. मला येथे स्कूटर येते, चारचाकीचा परवाना नाही. जाण्यापूर्वी तो काढावा का आणि तिकडे जुनी गाडी घ्यावी का? (एक वाचक, धुळे)

ताई, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून त्या राज्याचे नाव आपल्याकडे बरेच ऐकू येते, आणि तुमच्यासारखे प्रश्न आता आणखी घरांना पडणार आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सिंगापूरविषयी जे लिहिले, ते तुमच्या गावाला लागू पडणार नाही. मोठ्या जर्मन शहरात गाडीवाचून सुखाने राहता येते, पण लहान गावात पहाटे सहाच्या पाळीला पोहोचायचे आणि रविवारी बस तुरळक, अशा स्थितीत गाडी ही चैन नसून गरज ठरू शकते. तुमच्या मैत्रिणीने सांगितले ते खोटे नाही. तरीसुद्धा पहिले वर्ष गाडी घेऊ नये, असेच आम्ही सुचवू.

आधी पगार पाहू. २,९०० युरोतून आयकर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा यांची कपात होऊन अविवाहित व्यक्तीच्या हातात दोन हजार युरोच्या आसपास येतात. नियुक्तिपत्रावरच्या आकड्याला रुपयाने गुणून घरी सांगितले असेल, तर त्यातून जवळजवळ एक तृतीयांश वजा करून पुन्हा सांगा. घराच्या जाहिरातीत दोन भाडी दिसतील. एक नुसत्या जागेचे आणि दुसरे पाणी, साफसफाई व बहुधा उष्णतेचा खर्च धरून. तुलना नेहमी दुसऱ्याचीच करा, आणि घरातल्या विजेचे बिल त्याखेरीज वेगळे येईल असे धरून चाला. डिपॉझिट म्हणून नुसत्या जागेच्या भाड्याच्या तीनपटीपर्यंत रक्कम मागता येते, परंतु ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिला आहे. हा हक्क मागताना संकोच करू नका. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटा आणि शेगडीसुद्धा नसते, ती आपल्याला बसवावी लागते. नभोवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी दर घराला महिना १८.३६ युरो आहे आणि घरात टीव्ही नसला तरी ती भरावीच लागते.

आता परवाना. भारतीय परवाना जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, मात्र आधीचा परवाना असलेल्यांना ठरावीक संख्येच्या सक्तीच्या तासिकांतून सूट मिळते. ही सूट बरेच पैसे वाचवते, कारण अगदी नवख्या माणसाला जर्मनीत परवाना काढायला अडीच-तीन हजार युरो लागू शकतात. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. निघण्यापूर्वी धुळ्याच्या आरटीओतून चारचाकीचा पक्का परवाना काढा. शिकाऊ परवाना तिकडे धरला जात नाही, आणि जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यावर सुट्टीत येऊन काढलेला भारतीय परवानाही तिथे मान्य होत नाही. परवान्यासाठी नुसती सही करून मोकळ्या होऊ नका, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मनापासून शिका. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि ज्या चौकात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि रात्रपाळी करून थकलेल्या माणसाने अनोळखी रस्त्यावर ते शिकू नये. लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते.

सहा-सात हजार युरोची जुनी गाडी मिळते, पण तिच्यामागे येणारा विमा जड असतो. अपघाताविना गेलेल्या वर्षांनुसार तिथे विम्याचा दर उतरतो आणि नव्या माणसाची सुरुवात सगळ्यात खालच्या पायरीवर होते, त्यामुळे पहिल्या वर्षी केवळ सक्तीच्या विम्याला हजार युरोच्या आसपास लागू शकतात. दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी, हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा संच, गाडीवरील वार्षिक कर आणि लिटरला पावणेदोन युरोच्या घरातले पेट्रोल हे सगळे धरले, तर महिन्याला अडीचशे ते तीनशे युरो गाडी खाईल, आणि त्यात खरेदीची रक्कम धरलेली नाही.

हेच पैसे भाड्यात घातले तर काय होते, ते पाहा. रुग्णालयापासून चालत किंवा सायकलवर दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येईल असे घर लांबच्या घरापेक्षा शंभर युरोने महाग मिळाले, तरी महिन्याला दीडशे-दोनशे युरो वाचतात आणि पहाटेचा जीवघेणा प्रवास टळतो. अनेक रुग्णालयांची स्वतःची कर्मचारी निवासस्थाने असतात, तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी ईमेल पाठवून विचारा की निवासस्थानात खोली मिळेल का, किती महिने मिळेल आणि भाडे किती. गावाबाहेर जाण्यासाठी संपूर्ण देशातल्या स्थानिक गाड्या, बस आणि ट्राममध्ये चालणारे डॉइचलांड-टिकीट हे मासिक तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो झाले. जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. काही मालक त्याचा काही भाग भरतात, तेही विचारा. वर्षभरात तुमची पात्रता मान्य होऊन पगार वाढला, परवाना हाती आला आणि गाडीची गरज तरीही वाटली, तर अवश्य घ्या, आणि शक्यतो तिथल्या जाणत्या सहकाऱ्याला बरोबर नेऊन तपासणीची मुदत पाहूनच घ्या.

माझे पती दुबईत नोकरीला लागले आहेत, पगार ९,००० दिरहम. आयकर नाही, पेट्रोल स्वस्त आहे आणि शारजात राहिले तर भाडे कमी पडते. मग शारजात घर आणि कर्जाने गाडी हा बेत योग्य आहे ना? (एक वाचक, भुसावळ)

ताई, हा बेत पुष्कळ कुटुंबे करतात आणि त्यातली पुष्कळ पुढे पस्तावतात. शारजाहून दुबईकडे जाणारी सकाळची कोंडी रोजचे दोन-तीन तास घेते. दुबईच्या मेट्रोचा आधार शारजात नाही. टोलचे दर ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी प्रत्येक गेटला ६ दिरहम आणि, पहाटेची मोफत वेळ सोडून, इतर वेळी ४ दिरहम झाले आहेत. येता-जाता चार गेट लागले तर महिन्याला पाचशे दिरहमपर्यंत रक्कम टोलवरच जाते. आपला परवाना तेथील निवासी व्हिसावर चालत नाही. नवा काढायला शिकवणीसह हजारो दिरहम लागतात आणि नापास झाल्यास पुन्हा पैसे मोजावे लागतात. गाडीच्या किमतीचा किमान पाचवा हिस्सा रोख द्यावा लागतो आणि कर्ज पाच वर्षांत फेडावे लागते. नोकरी गेली, तर कर्ज न फेडता देश सोडणे सोपे नसते. आम्हाला सर्वांत काळजी याची वाटते.

पहिल्या वर्षी मेट्रो स्थानकाजवळ एक खोली कमी असलेले घर घ्या. भाडे वर्षाचे ठरते आणि बहुधा पुढच्या तारखांच्या धनादेशांनी दिले जाते. धनादेश जितके कमी, तितकी घासाघीस करायला जागा अधिक. डिपॉझिट, दलाली आणि वीज-पाण्याची अनामत हे सुरुवातीलाच लागतात. शिवाय दुबईत वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते, तेही हिशेबात धरावे.

मुलगा ऑस्ट्रेलियाला निघाला आहे. त्याच्या नावावरची एमएच-३९ गाडी विकावी की मी चालवावी? गाडीवर थोडे कर्ज बाकी आहे. (एक वाचक, शहादा)

भाऊसाहेब, विका किंवा ठेवा, पण मुलाच्या नावावर ठेवून दुसऱ्याच्या हाती देऊ नका. गाडी विकली आणि आरसीवरचे नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मुलगा इथे असतानाच कर्ज फेडून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आरसीवरचा बोजा उतरवा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या करून नावबदल पूर्ण करा. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय ऑनलाइन कामे अडतात, म्हणून आधारशी जोडलेला त्याचा क्रमांक बंद करू नका. विम्यावरचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास तो तीन वर्षे राखून ठेवता येतो. काही परदेशी विमा कंपन्या असे पत्र पाहून सवलत देतात, म्हणून ते इंग्रजीत मागा. फास्टॅगही बंद करा.

आंतरराष्ट्रीय परवाना काढला की परदेशात वर्षभर निर्धास्तपणे गाडी चालवता येते का? (एक वाचक, चाळीसगाव)

नाही. हा परवाना आपल्या मूळ परवान्याला जोडून चालतो, म्हणून दोन्ही जवळ बाळगावे लागतात. तो फॉर्म ४-ए भरून, १,००० रुपये शुल्क देऊन, पासपोर्टच्या प्रतीसह आरटीओतून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. पर्यटकाला तो उपयोगी पडतो, पण तिथे राहायला गेलेल्या माणसाला त्या देशाची मुदत लागू होते. म्हणजे जर्मनीत सहा महिने आणि दुबईत निवासी व्हिसा लागताच शून्य. मूळ परवान्याची मुदत वर्षभरात संपत असेल, तर निघण्यापूर्वीच त्याचे नूतनीकरण करून घ्यावे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते करता येते.